उदात्ताला खूण नसते

कल्याण, ता. ९ जानेवारी १८८९

प्रिय क्लेमू,

मंदाकिनीचा तुला मनापासून नमस्कार. लग्न होऊन मी ठाणं सोडलं तेव्हापासून तुला मोजून दोन पत्रं लिहिली, आणि हे तिसरं लिहिते ते काम पडलं म्हणून. तू रागावशील हे मला ठाऊक आहे. आधी मनसोक्त रागावून घे आणि मग पुढे वाच.

इथल्या मुलींच्या शाळेत मी लहान मुलींना मुळाक्षरं शिकवते, हे तुला आईकडून कळलं असेल. गेल्या शनिवारी शाळेचा बक्षीस समारंभ झाला. मुंबईहून एक मडम आल्या होत्या. शाळेच्या कमिटीला मुलींसाठी इंग्रजीचा वर्ग काढायचा आहे, आणि त्याला पैसा मिळवून देणं या मडमेच्या हाती आहे. कल्याणात मुलींना कोणी पुरुष मास्तरापुढे बसवणार नाही, तेव्हा शिकवायला बाईच हवी. तुझ्याबरोबर इंग्रजीची चार पुस्तकं वाचली त्या पुण्याईवर इथे मी पंडिता ठरले आहे. म्हणून मला उभं करून एक पान वाचायला सांगितलं.

मी वाचलं. कुठे अडखळले नाही, एक अक्षर गिळलं नाही. मडम फार प्रेमाने हसल्या आणि म्हणाल्या, "किती गोड. ही कविता कोणत्या भाषेतली?"

क्लेमू, तेव्हा जमीन दुभंगली असती तर मी सीतेच्या आधी आत गेले असते.

पुरुषांच्या बाजूला मामंजी बसले होते. मामंजी म्हणजे माझे सासरे. यजुर्वेद म्हणण्यात साऱ्या कल्याणात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही, पण हसू कळतं. घरी आल्यावर त्यांनी निरोप सांगितला की सुनेने इंग्रजी शिकवायला त्यांची ना नाही, मात्र या घरातल्या पाठाला आजवर कोणी हसलेलं नाही. मडम मार्चात पुन्हा येणार आहेत आणि पुन्हा वाचून घेणार आहेत. त्या वेळी हसू झालं तर विषय संपला. मग वर्गही नाही आणि माझं शाळेत जाणंही नाही.

मला हा वर्ग हवा आहे. घरात मी सून आहे, वहिनी आहे, काकू आहे. त्या पडवीत मी बाई असते आणि मुली माझ्या तोंडाकडे बघत बसतात. ते सुटलं तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही.

आमच्याकडच्या स्वारीला विचारलं, माझं चुकतं कुठे. ते स्टेशनावर माल ऑफिसात आहेत, गोऱ्यांशी रोज गाठ पडते. पण त्यांच्या मते मी अगदी शुद्ध वाचते, कारण तेही तसंच वाचतात! आमच्या घरी पंक्तीत सगळ्यांना सारखं वाढायची रीत आहे, तसं मी सि-वि-लि-झे-श-न म्हणताना सगळ्या अक्षरांना सारखा मान देते. यात हसण्यासारखं काय आहे?

तू इथे ये म्हणायची माझी छाती नाही, तुला बसवायचं कुठे यावर घरात खल होईल. बाबांची बदली धुळ्याला झाल्यापासून मला ठाण्याला न्यायलाही कोणी नाही. तेव्हा जे सांगायचं ते कागदावर सांग.

तुझीच,
मंदा


ठाणे, ता. १५ जानेवारी १८८९

मंदे,

रागावून झालं. बाबांनी विचारलंदेखील, कोणावर भांडी आपटतेस म्हणून.

आता ऐक. तू लिहिलेला शब्द मी तुझ्यासारखा मोठ्याने म्हणून बघितला आणि मला तू डोळ्यांसमोर दिसलीस, ताठ उभी, एकेक अक्षर कपाळाला लावून खाली ठेवणारी. तुझं काहीही चुकलेलं नाही. सगळी अक्षरं शुद्ध आहेत, आणि तिथेच घोटाळा आहे. इंग्रजी शब्दात पंक्तिभेद असतो. एका अक्षराला पाट, तूप, आग्रह; बाकीच्यांनी अंगण गाठायचं आणि उरलंसुरलं खायचं. पंक्तिभेद कसा असतो ते मला कोणी शिकवायला नको. तुझ्या धाकट्या भावाच्या बारशाला मी तुमच्या अंगणात वेगळी बसून जेवले आहे. जिलबी मात्र छान होती.

मीही हसू करून घेतलं आहे. मुंबईला सिस्टरांच्या शाळेत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी 'कम्-फॉर्-टे-बल' म्हणाले, आणि आमच्या आयरिश सिस्टर खुर्चीत मागे रेलून डोळे पुसायला लागल्या. त्यांनी मला मग टाळ्या वाजवून शिकवलं. शब्द आधी तोडायचा, अक्षरांवर नाही, श्वासावर. मग त्यातला मानकरी शोधायचा. त्याला मोठी टाळी. माझे बाबा, तुझे इनासकाका, लग्नांत घुमट वाजवतात ना, ते हे सगळं ऐकून म्हणाले, "एकच थाप मोठी मार गो, बाकी बोटांनी." सिस्टरांनी महिनाभर सांगितलं ते एवढंच.

मानकरी ओळखायचा तो शब्दाच्या शेपटीवरून. काही शेपट्या घरात शिरल्या की चूल हलवतात. '-शन' ही त्यातली. ती मागे आली की मान तिच्या अगदी आधीच्या अक्षराला. '-इटी' तशीच, '-इकल' तशीच. काही मात्र गरीब असतात. '-नेस', '-फुल', '-लेस', '-ली' आणि बहुतेक वेळा '-मेंट' या कोपऱ्यात बसतात, कोणाला उठवत नाहीत; शब्दाचा मान जिथे होता तिथेच राहतो.

टाळी पत्रातून पाठवता येत नाही, म्हणून मी एक युक्ती काढली आहे. शब्द बालबोधीत लिहिला आहे. ज्याला मान त्याच्या डोक्यावर उभी रेघ. ज्यांनी दबून राहायचं त्यांच्या पायाखाली आडवी रेघ.

ए॒-ज्यु॒-के॑-श॒न
पॉ॒-सि॒-बि॑-लि॒-टी॒
हॅ॑-पि॒-ने॒स

सोबत पानभर शब्द आहेत. रोज मोठ्याने म्हण. दबलेल्या अक्षरांची कीव करू नकोस, ती तशीच मजेत असतात.

तुझी,
क्लेमेंटिना


कल्याण, ता. २१ जानेवारी १८८९

क्लेमू,

तुझ्या हाताला सोन्याची कांकणं हवीत! तुझं पान मी स्वयंपाकघरात जात्याच्या वर भिंतीला चिकटवलं आहे. दळताना म्हणते. खुंट्याला जोर दिला की मानाचं अक्षर, जातं नुसतं फिरतंय तोवर बाकीची. सासूबाईंनी विचारलं, ही नवी ओवी कुठली? मी म्हटलं, ठाण्याची.

अजून घोटाळे होतात. रेघेच्या अक्षरावर मी अशी तुटून पडते की पीठ उडतं. पण शेपट्या आता ओळखू येतात. तुला हे सगळं कसं सुचलं? आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलो, आणि तू केवढी पुढे गेलीस! मला तुझा हेवा वाटत नाही, अभिमान वाटतो.

आणखी शब्द पाठव, लांबलचक पाठव.

तुझी,
मंदा


ठाणे, ता. २९ जानेवारी १८८९

मंदे,

हे घे लांबलचक. आमच्या नात्यातल्या नॉर्मनच्या लग्नात मुंबईहून फोटो काढणारा आलेला. त्या एका माणसाचे तीन शब्द बघ. त्याने काढला तो फो॑टोग्राफ. त्याची विद्या ती फोटॉ॑ग्राफी. त्याचं सामान ते सगळं फोटोग्रॅ॑फिक. शेपटी बदलली की मान एकेक घर पुढे चालत जातो, आणि ज्या अक्षराला काल तूप वाढलं त्याला आज कोणी विचारत नाही. मला हे फार आवडतं. कोणाचाच मान कायमचा नाही.

दुसरं पान सोबत आहे. लगेच उत्तर लिही. तुटून पडण्यावर उपाय मला अजून सुचलेला नाही, मी इथल्या शाळेत शिकवते ती मुलंही तेच करतात.

क्लेमेंटिना


ठाणे, ता. १९ फेब्रुवारी १८८९

सौ. मंदाकिनीबाई यांस,

तीन आठवडे झाले. मध्ये मी आणखी एक पत्र टाकलं, त्याचंही उत्तर नाही. मार्च तोंडावर आला, म्हणजे तुला गरज नाही असं नव्हे. टपाल हरवतं म्हणावं तर ठाण्याहून कल्याणला टपाल हरवायला रस्ता तरी कुठे आहे?

ख्रिस्ती घरातून आलेल्या कागदाचा तुमच्याकडे विटाळ होत असेल तर तसं सरळ लिही. मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते. पण वाटेल. तेव्हा खोटं कशाला लिहू?

क्लेमेंटिना


कल्याण, ता. २४ फेब्रुवारी १८८९

माझे क्लेमू,

तुझी तिन्ही पत्रं मला आज एकदम मिळाली. ती इतके दिवस मामंजींच्या फडताळात बंद होती, न फोडता. सगळं सांगते. तुझ्या शेवटच्या पत्रावर मी रडले ते आधी सांगते.

तुला आणि मला ठाऊक नव्हतं असं एक आहे. वेदाच्या पोथीत अक्षरांवर उभी रेघ आणि अक्षरांखाली आडवी रेघ असते. ती स्वरांची खूण. कुठे आवाज चढवायचा, कुठे उतरवायचा ते त्यावरून कळतं. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात तशा रेघा नसतात. आणि तो स्वर बायकांनी शिकायचा नसतो, ऐकला तरी म्हणायचा नसतो. मी या घरात आल्यापासून पोथी लांबूनच पाहिली, तेव्हा मला ते ओळखू आलं नाही.

मामंजी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि त्यांना जात्यावर तुझं पान दिसलं. बालबोध अक्षरं, वर उभ्या रेघा, खाली आडव्या. त्यांनी शब्द वाचलेच नाहीत, रेघाच पाहिल्या. त्यांना वाटलं, मी दाराआडून वर्षानुवर्षं पाठ ऐकला, स्वर चोरले, ते ठाण्याला एका ख्रिस्ती मुलीला पोचवले, आणि आता तीच मला उलट लिहून पाठवते आहे. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कोणाला एक शब्द बोलले नाहीत. पान भिंतीवरून अलगद सोडवलं, कारण स्वर लावलेला कागद फाडता येत नाही की टाकता येत नाही, आणि सोवळ्यात नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं. तुझी 'पॉसिबिलिटी' तीन आठवडे शाळिग्रामाशेजारी बसून पूजा घेत होती.

घरात कोणाला काही कळेना. शेवटी आमच्याकडच्या स्वारीने धीर करून विचारलं, तेव्हा मामंजी बोलले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून सगळं सांगितलं. इंग्रजीतही चढउतार आहे, तेवढाच तो आहे, वेदाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पान देव्हाऱ्यातून आणून यांच्या हाती दिलं आणि म्हणाले, "वाच म्हणावं."

मी वाचलं. सगळं पान. मामंजी डोळे मिटून बसले होते. संपल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा. मला वाटलं आता निकाल लागला.

ते म्हणाले, "हा वेद नाही. पण हा स्वर आहे." ते मला सांगत होते की स्वतःशी बोलत होते ते कळत नव्हतं, पण म्हणाले की त्यांनी आजवर साहेबाची भाषा म्हणजे नुसता दगडांचा खडखडाट समजला होता. दगडांना स्वर नसतो. ज्यांच्या भाषेला स्वर आहे त्यांच्या कानी ती चुकीची गेली तर त्यांनी हसावं हे रास्तच आहे, त्यात त्या मडमेचा दोष नाही.

आणि क्लेमू, त्यानंतर त्यांनी माझी चूक काढली. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने! "ती रेघेच्या अक्षरावर चढते आहे. चढायचं नाही. बाकीची अक्षरं खाली उतरव, म्हणजे ते आपोआप वर राहील." मी तिथल्या तिथे तसं म्हणून बघितलं. यांनी दारातून वळून माझ्याकडे पाहिलं, इतका फरक पडला होता.

तुझ्याबद्दलही एक तक्रार आहे. तुझी उभी रेघ चुकीच्या जागी असते असं त्यांचं म्हणणं. ती दुसऱ्या स्वराची खूण. सगळ्यांत उंच स्वर तो उदात्त, आणि उदात्ताला खूण नसते. खालच्यांना खुणा करायच्या, मग तो ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला परसात बोलावलं. सासूबाई तुळशीपाशी बसल्या. त्यांच्या शाखेत वेद म्हणताना हात चालतो. उंच स्वराला हात वर, खालच्या स्वराला खाली. तोंड चुकलं तरी हात चुकू देत नाही. ते म्हणाले की वेद शिकवता येणार नाही, पण हात म्हणजे काही वेद नव्हे. हे त्यांनी दोनदा म्हटलं. मग त्यांनी तुझं पान हाती घेतलं, आणि मी 'एज्युकेशन' म्हणत असताना माझ्यासमोर त्यांचा हात खाली, खाली, वर, खाली गेला.

अगं, मी त्या हाताकडे बघत राहिले. चाळीस वर्षं शिष्यांसमोर चाललेला हात. तो माझ्यासाठी चालत होता.

तुझी आणि तुझीच,
मंदा


ठाणे, ता. १ मार्च १८८९

मंदे,

माझं ते शेवटचं पत्र चुलीत घाल. मी किती घाईने तुमच्या घराचा न्याय केला, आणि तोही अर्धा चुकीचा. अर्धा म्हणते, कारण पत्रं अडली ती माझ्यावरूनच.

तुझ्या मामंजींचं वाक्य मी सोमवारी वर्गात करून बघितलं. वर्षभर मी मुलांना 'इथे जोरात म्हणा' सांगत आले आणि मुलं किंचाळत आली. सोमवारी म्हटलं, बाकीचं हळू म्हणा. मंदा, सगळा वर्ग एकदम साहेबाच्या घरात जन्मल्यासारखा बोलायला लागला. मी सिस्टरांकडे दोन वर्षं राहून शिकले, त्यांनाही हे असं सांगता आलं नव्हतं. माणूस एका विद्येत तळापर्यंत गेला की त्याला दुसऱ्या विद्येचा तळ तिथूनच दिसत असेल का? मला त्यांना बघायचं आहे. नुसतं लांबून, रस्त्यावरून.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. देव्हाऱ्याचं ऐकून ते कोलशेतच्या शेतावर जाईपर्यंत हसत होते. पण जाताना एक बोलले ते खरं आहे. तुझ्या मामंजींना हे फार महागात पडू शकतं. हात परसातच ठेव, मंदा. मडमेसमोर हात पुस्तकाला धर.

क्लेमू


कल्याण, ता. १८ मार्च १८८९

क्लेमू,

परवा परीक्षा झाली. तू सांगितलेलं माझ्याच्याने पाळलं गेलं नाही.

शाळेच्या मोठ्या खोलीत गर्दी होती. कमिटीची मंडळी, आया, मुली, आणि पुरुषांच्या बाजूला मामंजींच्या बरोबरीचे तीनचार वैदिकही येऊन बसले. कोणाची सून साहेबाची भाषा कशी वाचते हे बघायला आले असतील. मडमेने स्वतःचं पुस्तक आणलं होतं, मी कधी न पाहिलेलं. पहिल्याच ओळीत 'रिस्पॉन्सिबिलिटी' उभी. मी शेपटी बघितली, श्वासावर तोडला, आणि तोंड उघडलं.

हात कधी उठला ते मला कळलं नाही. पुस्तक डाव्या हातात होतं आणि उजवा चालत होता. मी बघितलं तेव्हा तो खाली उतरत होता, मग माझ्या खांद्याशी वर गेला, मग पुन्हा खाली. थांबवावा तर वाचन थांबेल आणि हसू होईल, म्हणून थांबवला नाही. पान संपेपर्यंत तो चालला. मडम मान हलवत होत्या. त्या हसल्या नाहीत, क्लेमू. ऐकत होत्या, माणूस बोलताना माणूस ऐकतो तसं. संपल्यावर त्यांनी मजकुरावर दोन प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. त्यांनी कमिटीला सांगितलं की वर्ग सुरू करा, या बाईंचा शब्दन् शब्द कळतो.

मला आनंद व्हायला हवा होता. पण पुरुषांच्या बाजूला सगळं गार पडलं होतं. त्यांच्यातले सर्वांत वयस्कर वैदिक उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे नाही, हाताकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हा हात हिला कोणी दाखवला?"

मी मनात खोटं जुळवून ठेवलं. दाराआडून बघून मीच शिकले, असं म्हणणार होते. मग दोष माझा झाला असता, बाईचा अडाणीपणा म्हणून सोडूनही दिलं असतं. मी तोंड उघडण्याआधी मामंजी उभे राहिले.

"मी दाखवला," ते म्हणाले. "आता तुम्ही हे सांगा, हात कुठे चुकला?"

ते वयस्कर वैदिक माझ्या हाताकडे बघत उभे होते. खोटं बोलणं त्यांच्याही जिभेला जमणारं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "हात चुकला नाही." आणि जोडे घालून निघून गेले. त्यांच्यामागून बाकीचे गेले.

मडमेला यातलं काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, शिकवण्याची ही आमच्याकडची जुनी चांगली रीत असेल. त्यांनी लिहून घेतलं की सगळ्या मुलींना असंच हातवारे करून शिकवावं!

घरी येताना मी मामंजींच्या मागे चालत होते. मला रडू आवरेना. त्यांनी मागे न बघता एवढंच म्हटलं की 'लि' जरा लांबला होता.

तुझी,
मंदा


ठाणे, ता. २५ मार्च १८८९

मंदे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'मी दाखवला' इथे थांबावं लागलं. आपल्या मुलासाठी कोणीही उभं राहतं. सुनेसाठी, तेही सगळ्या गावासमोर, सगळ्या जन्माची कमाई पणाला लावून? मला तुझा हेवा वाटतो. तू लिहिलं होतंस तुला माझा वाटत नाही. मला तुझा वाटतो आणि मी तो लपवत नाही.

वर्ग कधी सुरू होतो, किती मुली येतात ते लिही. पण त्याआधी दुसरं लिही. ते लोक निघून गेले, पुढे काय झालं? तू तो विषय 'लि'वर आणून संपवलास. तू काही लपवलंस की असंच करतेस, मला लहानपणापासून ठाऊक आहे. मामंजी कसे आहेत?

क्लेमू


कल्याण, वैशाख शुद्ध ५, शके १८११

क्लेमेंटिनाबाई यांस अनेक आशीर्वाद.

आपल्या पत्राचे उत्तर सुनेने दिले नाही, कारण मी तिला लिहू नको म्हणून सांगितले होते. ती आपल्याशी खोटे बोलणार नाही, आणि खरे लिहिले तर आपण कष्टी व्हाल असे मला वाटले. नंतर विचार केला की ज्याचे त्याने लिहावे.

चैत्रात वसंतपूजा होतात. वैदिकांना बोलावून वेद म्हणवून घेतात. या वर्षी मला एकाही घरचे बोलावणे आले नाही. तीन शिष्य होते, त्यांच्या वडिलांनी त्यांना दुसरीकडे घातले. या गोष्टीचा मला त्रास झाला नाही असे लिहिले तर ते असत्य होईल. पहाटे पाठ म्हणताना समोर कोणी नसते, तेव्हा फार वाटते. परंतु मला विचारले ते असत्य सांगण्याजोगे नव्हते, आणि पुन्हा विचारले तरी तेच सांगेन.

सध्या संध्याकाळ मोकळी असते. सुनेचा वर्ग आमच्या ओसरीवर भरतो, कारण शाळेची खोली लहान पडू लागली. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. मुली हात चालवतात. काहींचा हात माझ्या शिष्यांपेक्षा बरा आहे. आपल्या शेपट्यांविषयी मला कुतूहल आहे. आमच्या व्याकरणातही प्रत्यय लागला की स्वर जागा सोडतो, आणि कोणता प्रत्यय हलवतो आणि कोणता हलवत नाही याचे शास्त्र आहे. हे फक्त आमच्याकडे आहे अशा समजुतीत माझे आयुष्य गेले. ते तसे नाही हे आपल्या एका पानाने कळले. त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणखी पाने पाठवावीत. रेघा आपल्या पद्धतीने केल्यात तरी चालेल, मला आता वाचता येतात.

वैशाखी पौर्णिमेस मुली आईबापांसमोर वाचणार आहेत. आपण आणि आपले वडील यावे. आपल्याला कोठे बसवावे याचा घरात पुष्कळ खल झाला. तो मी संपवला. ओसरीवर माझ्या शेजारी दोन पाट मांडले जातील आणि आमच्याबरोबर एकाच पंक्तीत जेवण होईल. ज्यांनी यायचे नाही ते अगोदरच यायचे थांबले आहेत, तेव्हा संकोच करू नये.

एक शंका उरते. सून आपल्याला क्लेमू म्हणते, पुरते नाव घेत नाही. आपण दाराशी याल तेव्हा आत या म्हणून हाक मीच मारणार आहे. क्ले, मेन्, टी, ना, या चारांत उदात्त कोठे आहे ते उलट टपाली कळवावे. चुकीच्या स्वराने मी आजवर देवाला हाक मारलेली नाही. घरी येणाऱ्या माणसालाही मारायची नाही.